पणजीहून लिस्बन किती लांब?

डिसेंबर लागला की गोव्यातील पुष्कळ घरांत एक हिशेब सुरू होतो. परदेशी असलेला मुलगा कोणत्या विमानाने निघणार, मध्ये कोठे आणि किती तास अडकून पडणार, मोपाला उतरणार की दाबोळीला, आणि त्याला आणण्यासाठी घरून गाडी किती वाजता काढायची, याचा तो हिशेब असतो. आखातात गेलेल्या मुलांपुरता तो सोपा असतो. मुलगा लिस्बनला किंवा लिस्बनच्या पारपत्रावर त्याही पलीकडे गेलेला असला, म्हणजे मात्र घरातील वडीलधाऱ्यांना तो काही केल्या जुळत नाही. 'सकाळी निघाला, दुपारी पोचला, मग प्रवास दहा तासांचा कसा?' असे आजी विचारते आणि नातवंडे हसतात. आजीचा प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही. पणजी आणि लिस्बन या दोन शहरांमधील अंतर नेमके किती, या प्रश्नाने गेली पाचशे वर्षे गोव्याच्या नशिबाचे पुष्कळसे वळण ठरविले आहे, आणि आजही त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

प्रथम निव्वळ भूगोल पाहू. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांवर टाचण्या टोचून दोरा ताणला तर तो सुमारे ८,३०० किलोमीटरचा भरतो. शाळेच्या भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तानचे वाळवंट, इजिप्त आणि लिबियाचा किनारा ओलांडून जाते. पण तो मार्ग दिसायला सरळ असून प्रत्यक्षात सुमारे दोनशे किलोमीटरांनी लांबचा आहे. गोलावरचा दोरा त्याच्या बराच उत्तरेने जातो. अरबी समुद्र ओलांडून तो ओमानच्या आखातावर येतो, इराणचा किनारा धरून इराकवर आणि तेथून सीरियावर जातो, मग ग्रीसची बेटे, इटलीचे दक्षिण टोक, सार्डिनिया, स्पेनमधील व्हॅलेन्सिया आणि शेवटी तेजो नदीच्या मुखावरचे लिस्बन. ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हा पल्ला साधारण दहा तासांचा. त्यात एक मेख आहे. त्या उंचीवरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना ते समोरून अडवितात आणि येताना पाठीमागून ढकलतात. म्हणून जाण्यास साडेदहा तास लागले तर येण्यास साडेनऊ पुरतात. घड्याळाची गंमत याहून निराळी. हिवाळ्यात लिस्बनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. तेव्हा सकाळी आठला येथून उडालेले विमान साडेदहा तास उडून लिस्बनला दुपारी एकला उतरावे, आणि तेथून दुपारी एकला निघालेले येथे दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पोचावे. आजीचा हिशेब चुकतो तो येथे.

हे सारे 'उतरावे' आणि 'पोचावे' असे लिहावे लागते, कारण असे विमान नाही. गोव्याहून लिस्बनला थेट जाता येत नाही. आखातातील एखाद्या विमानतळावर, किंवा मुंबई-दिल्ली करून युरोपातील एखाद्या मोठ्या शहरी विमान बदलावे लागते. पंधरा तासांत जो पोचला तो भाग्यवान. वीस-बावीस तास ही सामान्य गोष्ट. शिवाय तो दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. सीरियाचे आकाश २०११ नंतरच्या यादवीमुळे वर्षानुवर्षे बहुतेक नागरी विमाने टाळीत आली. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध भडकले तेव्हा त्या पट्ट्यातील एकामागून एक देशांनी आपले आकाश बंद केले आणि कतारसारख्या, ज्याच्या विमानतळावर अर्धे जग विमाने बदलते अशा देशाचे आकाशही काही तास मिटले. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता असे प्रवासी तेथील बाकांवर रात्र काढीत बसले. दोऱ्याची लांबी भूगोल ठरवितो खरा. पण त्या दोऱ्यावरून चालू द्यायचे की नाही हे राजकारण ठरविते.

राजकारणाचा हा अंमल विमानाच्या जन्मापूर्वीपासूनचा आहे. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ नांगर टाकता झाला. हे ३१६ दिवस झाले. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या जवळच्या वाटेवर इतरांची सत्ता आणि इतरांचा व्यापार होता, म्हणून त्याला आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. या प्रवासातील एक तपशील आम्हांला विशेष बोलका वाटतो. आफ्रिकेच्या मालिंदी बंदराहून जाणता वाटाड्या घेऊन आणि मोसमी वाऱ्याची पाठ धरून त्याने अरबी समुद्र २३ दिवसांत ओलांडला. परतताना तो कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर थांबून ऑक्टोबरच्या आरंभी, वारा फिरण्यापूर्वीच, निघाला. तोच समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले, आणि खलाशांचे हिरडे सुजून, अंग फुटून इतकी माणसे दगावली की जहाजे चालविण्यापुरते हातही उरले नाहीत. समुद्र तोच, माणसे तीच. वाऱ्याची वेळ जाणणे आणि न जाणणे यात दोन महिन्यांहून अधिक अंतर पडले. आपल्या किनाऱ्यावरील खारव्याला ही गोष्ट कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पुढे हा मार्ग नेहमीचा झाला. लिस्बनचा आरमारी काफिला मार्च-एप्रिलमध्ये निघे आणि पाऊस सरता सरता मांडवीत शिरे. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत हाकारली जात. एकेरी प्रवास सहा महिन्यांचा. याचा अर्थ असा की गोव्यातील एखाद्या गावकाराने राजाकडे गाऱ्हाणे धाडले तर त्याचे उत्तर येण्यास दीड-दोन वर्षे लागावीत. व्हाइसरॉयची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. गाऱ्हाणे पोचून चौकशीचा हुकूम सुटेपर्यंत ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे तो अधिकारी गाठोडे बांधून जहाजावर चढलेला असे. जुलूम करणारा जवळ आणि दाद देणारा सहा महिन्यांच्या वाटेवर, या अवस्थेत गोव्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनी हे अंतर काही आठवड्यांवर आणले. राज्यकर्त्यांचे कान मात्र त्या प्रमाणात जवळ आले नाहीत.

नंतर या अंतराशी एक अजब खेळ खेळला गेला. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले. म्हणजे कायद्याने गोवा हा पोर्तुगालचा एक प्रांत ठरला. जणू लिस्बनच्या वेशीबाहेर पडले की पुढचे गाव म्हापसा! आठ हजार तीनशे किलोमीटर एका सहीने नाहीसे झाले. त्याच सुमारास, डोळ्यांना दिसणारी बेळगाव, सावंतवाडी आणि कारवार ही गावे दूर दूर जाऊ लागली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, राजनैतिक संबंध तुटले, सरहद्द बंद झाली आणि मुरगावची रेलगाडीही थांबली. सरहद्दीच्या दोहों अंगांस सोयरीक असलेल्या कुटुंबांना लेकीच्या घरी जाणे अशक्य झाले. हॉलंडचे बटाटे त्या दिवसांत गोव्याच्या बाजारात आल्याची आठवण जुनी माणसे अजून सांगतात. घाटावरचा बटाटा परका आणि युरोपातला घरचा!

दाबोळीचा विमानतळ याच काळातील आहे. तो १९५५ मध्ये सुरू झाला आणि त्याबरोबर पोर्तुगीज इंडियाची सरकारी विमानसेवाही. ती दमण, दीव आणि कराचीला, व पुढे लिस्बनपर्यंत जाऊ लागली. शेजारी मुलखाशी बिघडलेले असताना दूरचा धनी जवळ राखण्यासाठी ती धावपट्टी बांधली गेली, हे विसरता कामा नये. भारतीय विमानदलाने १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी तिच्यावर बाँब टाकले. तरी त्या रात्री, पडलेले खड्डे कसेबसे चुकवून, अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेतलेली दोन विमाने अंधारात कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरणागतीवर सही झाली. अखेरच्या माणसापर्यंत लढा, अशी आज्ञा देणारे सालाझार तेव्हा आठ हजार किलोमीटरांवर सुरक्षित होते. येथे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या गव्हर्नर जनरल वासालु-इ-सिल्व्हा यांना त्या आज्ञेतील वेडेपणा दिसत होता, म्हणून शेकडो जीव वाचले.

पण या शहरांमधील खरे अंतर कोणी मोजले असेल तर ते गोव्याच्या बंदिवानांनी. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले आणि त्यानंतर जे अटकसत्र झाले त्यात त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे या मंडळींना समुद्रापार पोर्तुगालमध्ये धाडण्यात आले आणि लिस्बनच्या उत्तरेस अटलांटिकच्या काठी असलेल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. कायद्याने 'एकाच देशात' असलेल्या माणसाला घरापासून तोडण्याची शिक्षा म्हणून हे अंतर वापरले गेले, हा त्या घटनादुरुस्तीवरील उत्तम शेरा होय! मोहन रानडे यांची कथा तर मराठी माणसाला सांगावी लागू नये. १९५५ मध्ये ते पकडले गेले. पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात त्यांना नेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि ज्यांनी त्यासाठी तारुण्य दिले ते रानडे तेथेच राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत, सुधीर फडके आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षे दारे ठोठावल्यावर. तेलो मास्कारेन्हस यांना तर १९७० उजाडावे लागले. त्या काळी जेट विमाने उडत होती, लिस्बन ते मुंबई हा एका दिवसाचा प्रवास झाला होता. रानडे यांना मुक्त गोव्यात परतायला सात वर्षे लागली. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी उभय देशांचा करार होऊन वाट पुन्हा खुली झाली.

त्या खुल्या वाटेने आज जे चालले आहेत ते बंदिवान नाहीत, स्वखुशीने जाणारे आहेत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे आणि त्यांच्या मुलानातवंडांचे नागरिकत्व पोर्तुगालचा कायदा मानतो. आजोबांचा जन्मदाखला लिस्बनच्या दप्तरात नोंदवायचा, मग बापाचा, मग आपला, अशी ती शिडी. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर या शिडीचे वरचे टोक लिस्बनला नव्हतेच. ते लंडनला आणि स्विंडनला होते. २०२० अखेर ते दार बंद झाले आणि लिस्बन हे केवळ पारपत्रावरचे नाव होते ते पुष्कळांसाठी राहण्याचे गाव बनले. याबद्दल नाक मुरडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. 'ज्यांना हाकलले त्यांच्याच दारी', हे वाक्य सभांतून टाळ्या घेते. आम्ही त्या टाळ्यांत सामील होणार नाही. पदवी घेऊन पाच-सहा वर्षे नोकरीसाठी आमदारांच्या ओसरीवर बसलेल्या मुलाला देशभक्तीचे पाठ देण्याचा अधिकार त्या ओसरीच्या मालकांना नाही. आणि जाणारे केवळ ख्रिस्ती बांधव आहेत हीही एक सोयीस्कर समजूत आहे. फोंडा, डिचोली, पेडणे येथील हिंदू घरांतूनही दाखले शोधले जात आहेत. मात्र जाणाऱ्याने एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारताचे नागरिकत्व संपते. मतदानाचा हक्क जातो, आणि आईच्या आजारपणात जन्मगावी येतानाही कागद दाखवून यावे लागते.

आम्ही हे लिहिण्यास घेतले ते त्या आईसाठी. आमच्या घरांतून मृत्यूनंतर देह फार वेळ ठेवण्याची चाल नाही. सकाळी गेले तर संध्याकाळच्या आत, रात्री गेले तर सकाळी, अशी रीत. पंधरा ते बावीस तासांचा हा प्रवास, त्याआधी तिकीट मिळविण्यात गेलेले आठ-दहा तास, वर सुट्टीची परवानगी. या बेरजेपुढे रीत टिकत नाही. मग लिस्बनहून फोन येतो, 'थांबा, मी निघालो'. येथे चुलते आणि शेजारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. काही घरे थांबतात, शवागार शोधतात. पुष्कळ घरांत पुतण्या अग्नी देतो आणि मुलगा बाराव्याला येतो. फोनच्या पडद्यावर चिता पाहिलेली मुलेही आता गावोगावी आहेत.

आमच्या धर्मनिबंधकारांना या प्रश्नाची कल्पना होती, हे पाहून नवल वाटते. दूरदेशी असताना मृत्यूची वार्ता कळली तर सुतक किती, याचा विचार करताना त्यांनी प्रथम 'देशांतर' कशास म्हणावे हे ठरविले. कोणी साठ योजने म्हणाले, कोणी चाळीस, कोणी तीस. पण योजनांवर न थांबता त्यांनी आणखी खुणा सांगितल्या: मध्ये मोठी नदी आली, पर्वत आडवा आला किंवा भाषा बदलली, म्हणजे देशांतर झाले. नुसत्या लांबीने काम भागत नाही, अडथळा कोणता आहे तेही पाहावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजच्या नद्या आणि पर्वत म्हणजे विमान बदलण्याचे थांबे, शिक्के आणि ऐन वेळी तिप्पट होणारे भाडे.

तेव्हा या अडथळ्यांपैकी कोणते हलविता येतात ते पाहिले पाहिजे. जर्मनीतून पर्यटकांना घेऊन येणारे पहिले खास विमान दाबोळीला १९८७ मध्ये उतरले. पुढे इंग्लंड-रशियातूनही अशी विमाने आली. ज्याला आठ दिवस उन्हात पडायचे आहे त्याच्यासाठी युरोप ते गोवा ही थेट वाट निघाली. ज्याचे घर येथे आहे त्याने मुंबईला उतरून रात्र काढायची, असा तो न्याय. २०२३ मध्ये मोपाहून लंडनजवळच्या गॅटविकला थेट सेवा सुरू झाली तेव्हा अनेकांनी समाधानाचा श्वास टाकला होता. २०२५ च्या मध्यास ती स्थगित झाली. थेट विमान धंद्यात बसत नाही असे कंपन्या म्हणतात, ते समजण्याजोगे आहे. लिस्बनसाठी रोज विमान भरेल असा दावा आम्हीही करीत नाही. परंतु परदेशी कंपन्यांनी भारतातील कोणत्या विमानतळावर उतरावे हे देशादेशांच्या करारांनी ठरते, आणि त्या वाटाघाटींत गोव्याचे नाव पुढे करणे हे राज्य सरकारचे व आमच्या खासदारांचे काम आहे. निदान आखातातील मोठ्या विमानतळांशी गोव्याची जोड अशा वेळांना असावी की पुढचे लिस्बनचे विमान तीन तासांत मिळावे, दहा तासांनी नव्हे. ही मागणी पर्यटन खात्याच्या बैठकीत आजवर होत आली ती परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी. गोवेकरांच्या सोयीसाठीही ती व्हावी.

आणि घरचे अंतरही थोडे मोजावे. दोन विमानतळ झाल्याचा अभिमान आहे, असावाही. परंतु काणकोणच्या माणसाला मोपा शंभरेक किलोमीटरवर आहे. मुंबईहून गोव्याचे सव्वाचारशे किलोमीटर विमान तासाभरात कापते, आणि मोपाहून काणकोणला पोचायला अडीच तास, हंगामात तीन. रात्री अडीचला उतरलेल्या माणसाला गावापर्यंत नेणारी बस मिळत नाही; टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून तो उजाडण्याची वाट पाहत बसतो. लिस्बनहून आठ हजार किलोमीटर आलेला मुलगा बापाच्या शेवटच्या दर्शनाला या शेवटच्या शंभर किलोमीटरांत उशीर करतो, असे घडू नये. रात्रीच्या विमानांच्या वेळा पाहून काणकोण, सांगे, सत्तरीपर्यंत कदंब महामंडळाची गाडी सोडणे यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, कोणत्या देशाशी करारही लागत नाही. तालुक्याच्या ज्या रुग्णालयात शवागाराची नीट सोय नसेल तेथे ती करणे, हेही येथील आरोग्य खात्याच्याच हाती आहे. ही दोन कामे येत्या अंदाजपत्रकात आली आहेत की नाहीत, हे आम्ही पाहणार आहोत.